गुणवंतभाऊंचं बोलतं दुकान

भर दुपारची वेळ. नागपूरच्या गांधीबागेतला तो अरुंद रस्ता हातगाड्यांनी आणि रिक्षांनी गच्च भरलेला. आणि त्याच्या मधोमध एक जाडजूड, मिशाळ गृहस्थ खांद्यावर दुसऱ्याच्या बायकोचा शालू टाकून शांत उभा. मागे हॉर्न वाजताहेत, एक हमाल शिव्या घालतो आहे, शालूची मालकीण फुटपाथवरून जीव मुठीत धरून बघते आहे. हे गृहस्थ मात्र आधी सूर्याकडे पाठ करतात, मग तोंड करतात, शालूचा काठ मनगटावर पसरतात आणि त्यावर ब्लाउजपीसचे दोन तुकडे आलटूनपालटून ठेवतात. मनासारखा रंग जुळला की हात वर करून वाहतुकीला परवानगी देतात आणि दुकानात परततात.

"ट्यूबलाइटमधी सगळ्याच बाया गोऱ्या अन् सगळेच रंग खरे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "उन्हात उभं केल्याशिवाय ना जावई समजत, ना कपडा."

हे आमचे गुणवंतभाऊ. त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. म्हणजे साडीला जुळणारं ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल मिळण्याचं ठिकाण. दुकान इतकं चिंचोळं की आत एक जाडी बाई आली तर दुसरीला बाहेर थांबावं लागे. त्यांचे वडील सायकलवर कापडाचे गठ्ठे लादून पारशिवनीकडच्या खेड्यांत फिरायचे. त्या गठ्ठ्यांतून हे दुकान उभं राहिलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली छतापर्यंत रंगच रंग. त्या रंगांच्या पुढे स्टुलावर बसून गुणवंतभाऊ दिवसभर बोलत. कापड ते विकत, पण बोलता बोलता.

मी हौशी नाटकांचे कपडे शिवते. राजे, प्रधान, राक्षस, झाडं, एकदा तर एक आख्खी विहीरही मी शिवली आहे. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती एका राजासाठी. मला झगझगीत लाल अस्तर हवं होतं. भाऊंनी हातातला तागा खाली ठेवला आणि विचारलं, "हा राजा शेवटी मरते का?"

मरतो, मी म्हटलं.

"कोणाच्या हातून?"

भावाच्या, असं सांगितल्यावर त्यांना भावाचं नाव हवं झालं, भांडणाचं कारण हवं झालं, राणी कोणाच्या बाजूची तेही हवं झालं. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यातली एक आजीबाई तर राणीच्या वागण्यावर माझ्याशीच वाद घालू लागली. सगळं ऐकून भाऊंनी निकाल दिला: "मंग हा लाल नको, ताई. मरनाऱ्या राजाले पहिल्याच अंकात एवढं नटवलं तं लोकाइले समजून जाते का हा आता टिकत नाई." आणि त्यांनी वरच्या फळीवरून एक विटकरी रंग काढून दिला. मी तोच नेला. नाटक पडलं, पण राजाच्या कपड्याचं कौतुक झालं.

त्यांच्याकडच्या रंगांना त्यांनीच नावं ठेवली होती. दुनिया ज्याला नारिंगी म्हणते त्याचे, संत्र्यांच्या काटोल गावावरून, त्यांच्याकडे 'काटोलचा कच्चा', 'काटोलचा पिकला' आणि 'काटोलचा सडाले आला' असे प्रकार होते. मळकट तपकिरी तो 'सासूबाई'. भडक गुलाबी तो 'नवी सून'. सासूबाईवर नवी सून लावायची नाही, हा त्यांचा नियम. ही नावं ऐकून बायका हसत. हसणारी बाई रिकाम्या हाताने जात नाही, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. पण ते त्यासाठी बोलत नव्हते. बोलणं हाच त्यांचा धंदा होता, कापड वरखर्चाला.

त्यांची एकुलती मुलगी प्रज्ञा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत लागली आणि तिने दुकानाची वेबसाइट काढायची टूम काढली. ती दिवाळीत घरी आली होती आणि दुकानात माझ्यासमोरच बापलेकीची जुंपली. मोठमोठ्या दुकानांनी सगळं फोनवर आणून ठेवलंय, बायका घरबसल्या घेतात, आपणही तिथे दिसलो नाही तर दुकान बसेल, असं तिचं म्हणणं. ते चूक होतं असं नाही. दुपारची गर्दी ओसरत चालली होती, ते मीही बघत होते.

भाऊ ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सगळं बराबर हाय तुहं. मले एकच सांग. थे वेबसाइट बोलते का?"

"बाबा, तिथे फोटो असतात. माहिती असते."

"म्हंजे मुकी हाय. मुक्या मानसाले काहून दुकानात बसवून राहिली वं?"

शेवटी शालूवहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, मध्यस्थी केली. पोरगी एवढी म्हणते तर काढू द्या, तुमच्या स्टुलावर काही वेबसाइट बसत नाही, असं त्यांनी नवऱ्याला सुनावलं. भाऊ तयार झाले, पण अट घालून: रंगांची नावं त्यांचीच राहतील. प्रज्ञाने परोपरीने समजावलं की लोक नारिंगी म्हणून शोधतील, त्यांना 'काटोलचा कच्चा' कसा सापडणार? भाऊ म्हणाले, ज्याले काटोल माहीत नाई त्याले माह्या नारिंगीचं काय करायचं हाय?

तर अशी ती वेबसाइट निघाली. जगातल्या कोणत्याही बाईला तिच्या मनातला रंग शोधून सापडणार नाही, अशी ती एकमेव असावी. शिवाय प्रत्येक फोटोखाली भाऊंनी आग्रहाने लिहून घेतलं होतं: 'फोनमधला रंग खोटा हाय. साडीचा एक धागा पाकिटात घालून पाठवा.' आपल्याच मालाला खोटं म्हणणारं दुकान बघून प्रज्ञाने कपाळाला हात लावला. विक्री झाली नाही. बाहेरगावी गेलेल्या विदर्भातल्या काही मुलींनी मात्र ती नावं वाचली, हसल्या, एकमेकींना पाठवली आणि एखाददुसरं पाकीट धागा घेऊन येऊ लागलं.

इथवरची गोष्ट मी लोकांना नेहमी रंगवून सांगते. पुढची सांगायला मला आवडत नाही.

भाऊ खर्रा खात. सुपारी आणि तंबाखू प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा आमच्या नागपुरात चहाइतका चालतो. एक गाल कायम फुगलेला. जिभेखाली जखम झाली, ती भरेना. त्यांनी ती सगळ्यांपासून लपवली. तिखट जेवेनासे झाले तेव्हा वहिनींनी ओळखलं. दवाखान्यात निदान झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की जगायचं असेल तर जीभ काढावी लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले होते. वाटलं होतं, गडी खचला असेल. तर हे खाटेवर बसून शेजारच्या रुग्णाच्या बायकोला तिच्या साडीवर कोणतं ब्लाउज शोभलं असतं ते समजावत होते. दुखत असणार, शब्द जड येत होते, तरी थांबेनात. वहिनी म्हणाल्या, जरा आराम करा. तर म्हणाले, "उद्यापासून आरामच हाय."

ऑपरेशननंतर भाऊ दुकानात परत आले. स्टुलावर बसले. गिऱ्हाइकं आली. आणि मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. जी माणसं त्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारत, ती आता बोट दाखवून 'हा द्या' म्हणत आणि निघून जात. काही जणी त्यांच्याशी मोठ्याने बोलत, जणू त्यांचे कान गेले होते. एक बाई तर त्यांना ओलांडून वहिनींना विचारू लागली, "यांना समजतं का?" भाऊ पाटीवर खडूने लिहून बघायचे, पण एक वाक्य लिहून होईपर्यंत समोरची बाई अवघडून पर्स चाळू लागायची. विनोद खडूने लिहून होत नाही. तो थंड होतो. एक दिवस त्यांनी पाटी पुसली, फळीवर ठेवली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून दुकानात वहिनी बसू लागल्या. भाऊ घरातच, भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवण नळीने. त्यालाही नको म्हणत.

प्रज्ञा पुण्याहून रजा घेऊन आली. बापाला उठवायचे सगळे उपाय थकल्यावर तिने त्यांच्या हातात फोन दिला. वेबसाइटवर प्रश्न विचारायला एक चौकट होती. बंगलोरच्या कोणा वैशालीने विचारलं होतं की आईच्या जुन्या साडीचा धागा पाठवलाय, पोचला का? तुम्हीच उत्तर द्या, मला रंगातलं कळत नाही, असं सांगून प्रज्ञा स्वयंपाकघरात गेली. ती परत आली तेव्हा भाऊ उशीला टेकून बसले होते आणि दोन बोटांनी टाइप करत होते. ते बराच वेळ टाइप करत राहिले.

धागा पोचला, एवढंच लिहायचं होतं. भाऊंनी लिहिलं होतं: 'पोचला. पन हा रंग असा नोयता. धुऊन धुऊन उतरला हाय. तुह्या आईनं लगनात घेतली असन तं तवा हा जांभळा असन. तुले आताचा पाहिजे का तवाचा? अन् आई कुठची?'

आई पारशिवनीची निघाली. मग काय विचारता! पारशिवनीत कोणत्या आळीत, घरी कोण कोण, साडी कोणी घेऊन दिली, इतके दिवस ट्रंकेत का ठेवली. वैशालीही लिहीत गेली. आई मागच्या वर्षी वारली होती आणि तिची ती साडी वैशालीला, वर नवं ब्लाउज शिवून, स्वतःच्या मुलीच्या लग्नात नेसायची होती. भाऊंनी तिला 'तवाचा' रंग पाठवला.

त्या दिवसापासून ते सकाळी उठून दाढी करू लागले. वेबसाइटवर येणाऱ्या प्रत्येक बाईशी बोलू लागले, त्यांच्या त्यांच्या भाषेत, काहून आणि हाय सकट. चौकटीत कोणी अवघडून पर्स चाळत नाही, वाट बघतं. बायका रंगाचं विचारायला येत आणि नणंदेचं सांगून जात. दुकानाला वेबसाइटचा फायदा झाला का, असं मला कोणी विचारलं तर खरं सांगते: दुकानाला नाही झाला. कुरियर आणि परत आलेला माल धरला तर तोटाच असेल. वर्षभरात वहिनींच्याने एकटीने रेटेना, म्हणून दुकान सोडूनही द्यावं लागलं. उरलेले तागे घरात आणून ठेवले. वेबसाइट मात्र चालू राहिली, कारण ती बंद करायचं नाव काढलं की भाऊ फोन छातीशी धरत.

एकदा मी गेले तर त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि फोन पुढे केला. मोठं बक्षीस लागल्यासारखा चेहरा. वैशालीचं लिहिणं होतं. साडी नेसून काढलेला फोटो होता आणि खाली: 'काका, तुम्ही किती बोलता हो! माझं ऑफिसचं काम राहून जातं.'

भाऊ हसत होते. हसण्याचा आवाज नव्हता, खांदे फक्त गदागदा हलत होते. मग त्यांनी फोन वहिनींना दाखवला, मला परत दाखवला, दूध घालायला आलेल्याला दाखवला. तिला खरं सांगायचं नाही, अशी बोटाने सगळ्यांना ताकीद दिली.

आजार उलटला. शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. बोटं नीट चालेनाशी झाली तेव्हा ते एकेक शब्द लिहीत, पण लिहीत. गेले त्या सकाळीही फोन उशीजवळ होता. घरी त्रिशरण झालं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं मोठ्या संख्येने आली, गांधीबागेतले दुकानदार आले. प्रज्ञाने वेबसाइटवर दोन ओळींत कळवलं.

पुढे उन्हाळ्यात एका दुपारी मी वहिनींकडे बसले होते. दारात एक अनोळखी बाई आली. माहेरी पारशिवनीला आली होती, पत्ता शोधत इथवर पोचली. वैशाली. वहिनींनी पाणी दिलं. ती भाऊंच्या फोटोकडे बघत होती. फोनवर बोलावं असं कितीदा मनात आलं, पण काका नेहमी लिहूनच बोलायचे, असं ती म्हणाली. तेव्हा वहिनींनी तिला जिभेचं सांगितलं. तिने विचारलं, "काकी, त्यांचा आवाज कसा होता?"

प्रज्ञाच्या फोनमध्ये भाऊंचे व्हिडिओ आहेत, मला माहीत होतं. वहिनींनी ते अजून लावू दिले नव्हते. मला वाटलं, आता त्या उठून आत जातील. त्या बसून राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"चांगला नव्हता, बाई," त्या म्हणाल्या. "घोगरा होता. अन् मोठा. घरातही दुकानात असल्यासारखे बोलत. मी रोज रागावत जावो, हळू बोला म्हनून. शेजारी आयकते म्हनून."

त्यांनी बोटाचा पदर सोडला.

"आयकलं असतं तं काय झालं असतं."