बोर्डिंगला नेलेली ओली लुगडी

मुंबईच्या बोर्डिंगमधून आलेले पत्र इंग्रजीत होते. घरात ते वाचू शकणारे आम्ही दोघेच, आणि वडील त्या वेळी कचेरीत होते. म्हणून आत्याला ते मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे आले. चार लुगडी, सहा चोळ्या, लांब बाह्यांची दोन पोलकी, एक पांघरूण. मुलीने सोमवारी दुपारपर्यंत यावे, न आल्यास जागा दुसरीला दिली जाईल. शेवटी बूट आणि मोजे होते. ते मी गाळले आणि पत्राची घडी घातली.

आत्या वडिलांची थोरली बहीण. कल्याणला तिचे सासर. विधवा झाल्यावर ती ठाण्याला आमच्याकडे परत आली, ती माझ्या जन्माआधी. आई गेल्यावर घर तिच्या हातात आले. मला मिशनच्या शाळेत घातल्यापासून ती मला नावाने हाक मारीत नसे. 'मडमीण' म्हणे, तेही दुसऱ्याशी बोलताना. मडमिणीला जेवायला बोलवा. मडमिणीला विचारा, आज तरी देवाला नमस्कार करायला वेळ आहे का. सतरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी घरात ठेवल्यामुळे आपल्याला देवळात मान खाली घालून बसावे लागते, हे ती रोज ऐकवी. मी उत्तर देत नसे. शेजारणी त्याला शालीनता म्हणत. मला तिच्याशी बोलायचेच नव्हते, एवढेच.

डॉक्टरी शिकायला मला पाठवायचे वडिलांनी ठरवले, पण बहिणीच्या होकाराशिवाय पाठवायची त्यांची छाती नव्हती. तिने होकार दिला तो एका अटीवर. बोर्डिंगात ब्राह्मण स्वयंपाकीण होती, तेव्हा मी तिथेही रोज सोवळ्यात जेवायचे. त्या वेळी नेसायला तिचा रेशमी मुकटा माझ्याबरोबर जायचा होता. तो तिने विटाळ नको म्हणून काठीने उतरवला, लोकरीच्या धाबळीच्या तुकड्यात गुंडाळला आणि पेटीत सगळ्यांच्या वर ठेवला. बाकीचे कपडेही तिनेच निवडले. माझे बरे हिरवे लुगडे काढून ठेवले आणि विरलेली तीन पांढरी काढली. मुडदे फाडायला जायचंय, तिथं कोण बघणार आहे, असे म्हणाली. चौथे लाल, नवे, वडिलांनी मुद्दाम घेतलेले. त्याला तिला हात लावता आला नाही.

बूट वडिलांनी मुंबईहून आणले होते. फळीवर ठेवले असते तर तिला दिसले असते. म्हणून मी ते कागदात बांधून पेटीच्या तळाशी घातले. मुकटा वर येणार आहे हे मला ठाऊक होते. इतक्या लुगड्यांखालून चामडे कुणाला कळणार, असे मला वाटले. मिशनच्या शाळेत जाऊन मी इतकी निर्धास्त झाले होते.

रविवारी दुपारी मी शाळेतल्या बाईंचा निरोप घेऊन आले तेव्हा पेटी अंगणात उघडी पडली होती. बूट तुळशीपासून लांब, कुंपणाजवळ फेकलेले होते. आत्या विहिरीवर होती.

चामड्याने सोवळे मोडले होते ते मुकट्याचे. तो एकटा धुतला असता तरी पुरले असते, हे मलाही कळत होते. तिने सगळे धुतले. पोलकी, चोळ्या, पांघरूण, काही ठेवले नाही. नव्या लाल लुगड्याच्या पाण्यात तिने तिन्ही पांढरी बुडवली. चाळीस वर्षे कपडे धुणारी बाई अशी चूक करीत नाही. पौषातली संध्याकाळ, नऊ-नऊ वार कापड, सकाळची गाडी. तिने सगळा हिशेब केला होता.

वडील आले, दोरीकडे बघितले आणि कोट न उतरवताच बसले. अक्का, हे काय, एवढेच म्हणाले. आत्याने सांगितले, विटाळलेले धुतले, त्यात माझे काय चुकले? मग वडील माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले की बोर्डिंगच्या मडमेला पत्र लिहितो, पुढच्या आठवड्यात जाऊ.

पुढचा आठवडा नव्हता. ते त्यांनाही ठाऊक होते.

"मी ओलेच नेते," मी म्हटले.

आत्या हसली. "ओले कपडे पेटीत घालून मुलगी घराबाहेर निघालेली कुणी बघितली का? लोक काय म्हणतील?"

"त्यांना सांगा, आत्याने धुऊन दिले."

तिला मी दिलेले ते पहिले उत्तर असावे. वडिलांनी मान खाली घातली.

सकाळी मी लुगडी दोरीवरून काढली, पिळली आणि पेटीत भरली. ती गार आणि जड होती, आणि पांढऱ्यांवर गुलाबी डाग पडले होते. कुंपणाजवळून बूट आणले आणि अंगणातच, तिच्यादेखत पायांत घातले. मुकटा मी घेतला नाही. अटीचे काय, हे तिने विचारले नाही, वडिलांनीही नाही. गाडीत माझ्या पेटीतून पाणी गळत होते आणि समोरच्या बाईने आपले गाठोडे उचलून मांडीवर घेतले.

बोर्डिंगच्या मागल्या अंगणात मी सगळे वाळत घातले. वरच्या गॅलरीत मुली उभ्या होत्या. त्यांतल्या एका पारशी मुलीने इंग्रजीत विचारले, तुमच्या गावात लुगडी अशीच रंगवतात का. मी हो म्हटले. वर्षभर तीच नेसले. मुली हसल्या तेव्हा हसल्या.

रात्री जेवायच्या पंगतीला मी नेसत्या लुगड्यानिशीच बसले. दुसऱ्या दिवशी वडिलांना पत्र लिहिले. पोचले, जागा मिळाली. खाली एक ओळ घातली, ती मोठ्याने वाचायला सांगून: आत्याला कळवा, कपडे वाळले.