किमती कुत्रं

बसस्थानकाकडून शिकवणीवर्गांच्या गल्लीत वळलं की हल्ली औषधी साबणाचा उग्र वास नाकात शिरतो. तिथे पूर्वी झेरॉक्सचं दुकान होतं, आता कुत्र्यांची पिल्लं विकायला ठेवलेली असतात. काचेमागे, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात, एकमेकांच्या अंगावर डोकी टाकून ती झोपलेली असतात आणि काचेवर रंगीत कागदावर त्यांचे भाव असतात. परवा मी तिथे थांबले. एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. त्यांच्या हातावरचं पिल्लू त्यांचा अंगठा चोखत होतं आणि त्यांना भाव जड वाटत होता. दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "सायेब, महाग घेतलेलंच बरं. पैसा गेलेला असला की माणूस जपतंय. फुकटच्याला कोण इचारतंय?" गृहस्थांना ते पटलं. त्यांच्या बायकोलाही पटलं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे काही बोलून उपयोग नव्हता, म्हणून मी भर उन्हात तशीच चालत सुटले. ज्याच्यामुळे हा राग माझ्या अंगी मुरला आहे, त्या कुत्र्याची गोष्ट आज तुम्हाला सांगते.

माझा चुलतभाऊ परळीला असतो. तिथल्या औष्णिक वीजकेंद्रातून निघणाऱ्या राखेच्या विटांचा त्याचा कारखाना आहे आणि धंदा बरा चालतो. वयाने मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणते. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून त्याने मला जत्रेला नेलं आहे, माझ्या तापात तो उशाशी बसून राहिला आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर तो तुम्हाला सरळसरळ दुष्ट वाटेल. तो दुष्ट नाही. दुष्ट असता तर मी केव्हाच त्याचं नाव टाकून मोकळी झाले असते.

काही वर्षांपूर्वी त्याने पुण्याहून गोल्डन रिट्रीव्हर जातीचं एक पिल्लू आणलं. वाटेत गाडीचा एसी एकदाही बंद होऊ दिला नाही. किंमत मी इथे लिहीत नाही. ती त्याने इतक्या जणांना इतक्यांदा सांगितली आहे की परळीत ती ठाऊक नसलेला माणूस सापडणं अवघड. पहिल्या वर्षी त्या घरात जे चाललं होतं ते पाहून मला हसूही यायचं आणि बरंही वाटायचं. पिल्लाला वेगळा टॉवेल, वेगळा कूलर, रोज उकडलेलं अंडं. पाहुणा आला की दादा आधी दिवाणखान्यातल्या फरशीकडे बोट दाखवी, मग पिल्लाकडे, आणि दोन्हींचे भाव एकाच दमात सांगे. तेव्हा तो त्याला "आपलं लेकरू" म्हणत असे. लेकराला मात्र स्वतःच्या किमतीचा पत्ता नव्हता. वहिनी भाकरी थापायला बसल्या की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून तो थापण्याचा आवाज ऐकत राही. वीज गेली आणि पंखा थांबला की पंख्याकडे बघून भुंके, जणू कोणीतरी काम सोडून बसलं आहे. उन्हात त्याचे केस गव्हाच्या ओंबीसारखे दिसत. त्या दिवसांत कोणी म्हणालं असतं की किंमत मोजली की माया आपोआप येते, तर मी मान डोलावली असती.

दुसऱ्या वर्षी तो मागचा पाय ओढायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं की खुब्याचं दुखणं आहे, या जातीत रक्तातूनच येतं, औषध आणि देखभाल असेल तर कुत्रं सुखाने जगतं. दादाने घरी येऊन पहिलं काम केलं ते विकणाऱ्याला फोन लावण्याचं. मी त्या दिवशी तिथेच होते. "तुमचा पीस खराब निघालाय," तो म्हणत होता, "बदलून द्या." लेकरू एका दुपारीत पीस झालं. विकणारा बदलून देईना. फोन ठेवल्यावर दादाचा चेहरा फसवल्या गेलेल्या माणसासारखा झाला होता, आणि ज्याने त्याला फसवलं असं त्याला वाटत होतं तो पुण्याचा माणूस नव्हता. तो उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसला होता.

पुढच्या उन्हाळ्यात एका बारशासाठी परळीला गेले तेव्हा घरात कूलर पाहुण्यांच्या खोलीत होता आणि उंबरा मोकळा होता. मी विचारलं. वहिनींनी पदराने हात पुसले आणि खाली बघून म्हणाल्या, "भट्टीवर नेऊन ठिवलाय ताई. घरात घाण करतंय म्हणतेत." विटा भाजायची भट्टी आता उरलेली नाही, विटा यंत्रावर दाबून निघतात, पण घरात त्या जागेला अजून भट्टीच म्हणतात. बारशाचं जेवण तसंच टाकून मी तिकडे गेले.

परळीत राख सगळ्यांच्याच अंगावर बसते, पण त्याच्या अंगावर ती घट्ट लिंपल्यासारखी बसली होती. केसांचे गठ्ठे झालेले, मागच्या पायांवर जखमा, आणि पत्र्याच्या शेडच्या खांबाला आखूड साखळी. ऊन सरकलं होतं, सावली साखळीच्या पलीकडे गेली होती आणि तो तिच्याकडे तोंड करून पडला होता. जरा अंतरावर गावातली मोकाट कुत्री विटांवर मारायच्या पाण्याच्या हौदाकाठी गारव्याला पसरलेली होती. त्यांचा थाट होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या एकाच्या पाठीवर खरजेने केस उरले नव्हते, आणि अशांपैकी एखादं राखेच्या ट्रकखाली आलं तर ट्रक थांबतही नाही. फुकटच्याला कोणी विचारत नाही, हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नव्हे. पण त्या कुत्र्यांना निदान उठून सावलीत जाता येत होतं.

विटा रचणारी एक बाई माझ्याकडे बघत उभी होती. वडगावकडच्या मेंढपाळाच्या घरातली. ऊसतोडीला जायचं थांबवून ती इथे कामाला लागली होती. आपल्या डब्यातला भाकरीचा तुकडा भिजवून ती त्याला घालते, हे त्याच्यापुढच्या परातीवरून कळत होतं. मी म्हटलं, "मावशी, दुपारचं तरी सोडायचं ना त्याला. सावलीला गेला असता."

"सोडलं असतं वो," ती म्हणाली. "पण कुठं गेलं-बिलं तर? मालक म्हनले, लई किमती हाय, गेलं तर तुमच्या पगारातून कापीन. आमी कुठून भरावं तेवढं?"

मी दादाकडे परत आले. जेवणं उरकून तो झोपाळ्यावर बसला होता. मी म्हटलं, "दादा, तो मला दे. मी बीडला नेते."

"तुला?" त्याला खरंच नवल वाटलं. "तसंच? फुकट?"

"तुला नकोय ना तो."

"नको कावून? केवढ्याला घेतलाय मालूम हाय ना तुला?"

"मग इलाज कर त्याचा."

"इलाजावर अजून घालू? आधीच बुडाले तेवढे बस न्हाईत का? एखादी मादी भेटली तर पिल्लं काढू. जेवढे निघतील तेवढे निघतील."

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. घर भरलेलं होतं, पाळण्याला अजून फुलं लावलेली होती, आणि मी भरल्या घरात मोठ्या भावाला निर्दय म्हटलं. तो चिडला नाही. "तुला धंद्यातलं कळत न्हाई," एवढंच म्हणाला, आणि पायाने झोपाळ्याला झोका दिला. त्याला कुत्रा सांभाळायचा नव्हता, बरा करायचा नव्हता, आणि सोडायचाही नव्हता, कारण कधीकाळी त्याच्यासाठी पैसे मोजले होते. त्या झोक्याची करकर ऐकताना मला समजलं की कुत्र्याच्या गळ्यातली साखळी लोखंडाची नव्हतीच.

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली ती बाई अगदी हळू बोलत होती. "हे लातूरला गेलेत. गाडी करून या. मी भट्टीवरच हाय." मी पोचले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने साखळी काढून ठेवली होती आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या राखेत बसल्या होत्या, चांगल्या लुगड्यानिशी. त्या विटा रचणाऱ्या बाईने आणि मी त्याला उचलून गाडीत ठेवलं. "मेलं म्हणून सांगते," वहिनी म्हणाल्या. "मागं पुरलं म्हणते. बघायला जायचे न्हाईत ते." दादा खरंच बघायला गेला नाही.

बीडच्या डॉक्टरांनी त्याचे सगळे केस उतरवले. जखमा भरल्या, दुखणं कमी झालं, पण चाल सुधारली नाही. माझ्या व्हरांड्यात तो पुढच्या दोन पायांवर अंग ओढत फिरे. केस आले ते विरळ आणि फिके. मी भाकरी थापू लागले की कान टवकारत असे.

एका सकाळी दादा जमिनीच्या कामासाठी बीडला आला आणि न सांगता घरी आला. मी आतून बाहेर येईपर्यंत कुत्र्याला त्याचा आवाज लागला होता. मागचं अंग फरशीवर फरफटत तो पायरीपर्यंत गेला आणि दादाच्या बुटांवर तोंड घासू लागला. त्याची शेपटी इतकी हलत होती की त्याचा तोल जात होता. दादाने खाली पाहिलं.

"हे कुठलं गं? केवढ्याला पडलं?"

"फुकट," मी म्हटलं.

"मग असंच असणार," तो हसून म्हणाला आणि खुर्चीवर बसला. त्याने ओळखलं नाही. ओळखून लपवत असता तर मला कळलं असतं, एवढी मी त्याला ओळखते. चहा पिताना त्याने आपल्या मेलेल्या कुत्र्याचा विषय काढला. "तसं पुन्हा भेटायचं न्हाई," म्हणाला, आणि किंमत सांगितली. ती आता पूर्वीपेक्षा वाढली होती. हे सांगताना त्याचा हात नकळत खाली गेला होता आणि पायाशी बसलेल्या कुत्र्याचा कान तो चोळत होता, अगदी पूर्वीसारखा. कुत्र्याने डोळे मिटले होते. वहिनींचं खोटं उघडं पडू नये म्हणून मी खरं सांगितलं नाही. इतकं अवघड गप्प बसणं मी पुन्हा कधी केलं नाही.

त्यानंतरच्या थंडीत तो गेला, झोपेतच. राग मात्र गेला नाही. काळ सगळं निववतो म्हणतात, माझ्या बाबतीत त्याने एवढंच केलं की रागाची धग नेमकी कुठून येते ते दाखवून दिलं. साखळीचा, उन्हाचा, त्या पलीकडे सरकलेल्या सावलीचा राग मी एव्हाना सोसायला शिकले आहे. सोसत नाही ती त्या सकाळची शेपटी. ज्या माणसाच्या लेखी तो एकेक दिवसाने स्वस्त होत गेला, त्याच्याकडे तो त्याच आनंदाने अंग ओढत गेला होता. दादाची किंमत त्याने कधी लावलीच नव्हती.