बोट्स्वानाची पाहुणी

खराडीच्या आमच्या कंपनीत बोट्स्वानाहून एक मुलगी सॉफ्टवेअर शिकायला आली. माझ्याच वयाची. तिला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "म्हणजे साउथ आफ्रिका ना?"

"नाही. शेजारी." एवढंच. पुण्याची शोभली असती.

एका रविवारी तिला कोथरूडला जेवायला आणलं. बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. वरणभात संपायच्या आतच त्यांनी सुरुवात केली, "तुमच्याकडे कलहारी वाळवंट. वस्ती नाही."

"माझे आजोबा तिथेच गुरं राखतात," ती म्हणाली. "गवत आहे, काटेरी झाडं आहेत. उत्तरेकडून एक मोठी नदी येते आणि समुद्राला न मिळता वाळूतच पसरते. तिथे हत्ती असतात."

मग बाबा थांबेनात. राज्य कोण चालवतं?

"लोक खासदार निवडतात, खासदार राष्ट्राध्यक्ष. पण गावात अजून सगळे प्रमुखासमोर जमतात. कोणालाही बोलता येतं."

"आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं," आई म्हणाली.

"त्यांच्याकडे निर्णयही होत असेल," बाबा म्हणाले.

हिऱ्यांचा विषय निघाला तेव्हा ती गंभीर झाली. "स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आमच्याकडे गुरांशिवाय फारसं काही नव्हतं. मग हिरे सापडले. रस्ते, शाळा, दवाखाने त्यातूनच झाले. पण हिरा एकदा काढला की परत उगवत नाही. आणि खाणीत सगळ्यांना काम कुठलं? माझा भाऊ शिकून घरी बसलाय. म्हणून सरकारने आम्हा काही जणांना पाठवलंय, दुसरं काहीतरी शिकून या म्हणून."

तेव्हा आमच्या ऑफिसात जो तो अमेरिकेच्या व्हिसाची वाट पाहत होता. शिकून परत जायचं, हे मी फार दिवसांनी ऐकत होते.

एप्रिलमध्ये तिच्या घरून फोन आला. तिकडचा पावसाळा कोरडा गेला होता, आजोबांची गुरं मरत होती. मी म्हटलं, "सुट्टी घे, जाऊन ये."

"जाऊन पाऊस पाडू?" तिने डोळे पुसले. "आमच्या भाषेत पावसाला म्हणतात पुला. आमच्या चलनाचं नावही तेच." आणि ती स्क्रीनकडे वळली.

शिकणं संपवून ती मायदेशी परतल्यानंतर तिकडच्या कामासाठी कंपनीला माणूस हवा होता. कोणी पुढे होईना. मी झाले. बाबा खूश. आईने अबोला धरला.

विमानतळावर ती घ्यायला आली होती. गाडीत बसल्यावर तिने पहिलं विचारलं, "आई बोलायला लागली?"

"अजून नाही."

तिने गाडी सुरूच केली नाही. "आधी फोन लाव," म्हणाली.