कापऱ्या हाताची लेन्स

जळगावच्या दुकानदाराने दोन्ही लेन्स काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला म्हणाला, "ओळखा बरं भाऊ, फरक काय तो."

मला काही ओळखता आला नाही. दोन्ही काळ्या, दोन्हींवर सत्तर ते तीनशेचे आकडे, वजनही जवळजवळ सारखं. शिकाऊ माणसाने लांबचे पक्षी टिपायला घ्यावी अशी ही साधी झूम लेन्स. कंपनीने एकाच लेन्सचे दोन अवतार काढलेत. एका लेन्समध्ये हात हलला तरी चित्र स्थिर धरणारी यंत्रणा आहे, दुसरीत नाही. बाहेरून ओळखायचं तर अंगावरची दोन बारीक अक्षरं तेवढी जास्त, आणि त्या दोन अक्षरांसाठी किंमतही जास्त.

नोकरीत मी तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या कामात नाक खुपसायला लागलो, तेव्हा तिनेच मला कॅमेरा घ्यायला लावला आणि मेहरूण तलावाच्या दिशेने पिटाळलं. कॅमेऱ्यासोबत आलेल्या छोट्या लेन्समधून बगळा म्हणजे खडूचा ठिपका दिसायचा. म्हणून ही खरेदी.

आधी मी यंत्रणा नसलेली लेन्स लावून रस्त्यापलीकडच्या तारेवर बसलेल्या कबुतराकडे रोखली. कबुतर थरथरत होतं, त्याच्याबरोबर तारही थरथरत होती आणि मागची भिंतसुद्धा. मग दुसरी लावली. बटण अर्धं दाबलं, आत बारीक घरघर झाली आणि कबुतर जागच्या जागी थांबलं. त्याच्या मानेवरचा हिरवा रंगही दिसला. मी डोळा काढला, पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

"ज्याचा हात कापतो त्यानं हीच घ्यावी," दुकानदार म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सगळ्या गिऱ्हाइकांना तो हेच सांगत असणार.

"माझा हात कापत नाही," मी म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो की तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खान्देशात उन्हाला काय तोटा, शटरचा वेग वाढवला की फोटो हलतच नाही, असं काहीबाही ज्ञान त्याच्यापुढे पाजळलं आणि काहीच न घेता घरी आलो.

माझा हात दोन वर्षांपासून कापतो आहे. आधी कप बशीवर वाजायला लागला, मग सही वाकडी व्हायला लागली. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, कागदावर गोल काढायला लावले आणि म्हणाले, घाबरू नका, जिवाला काही धोका नाही, हे बऱ्याचदा घराण्यात असतं. तुमच्या वडिलांचा हात कापायचा का?

मी "नाही" म्हणालो.

साठी ओलांडलेला माणूस डॉक्टरांसमोर बसून मेलेल्या बापाबद्दल खोटं बोलतो, तेव्हा त्याला तसंच कारण असतं. आबांचा हात कापायचा. सगळ्या गावाला माहीत होतं. गावाने त्याचं कारणही आपल्या परीने ठरवून टाकलं होतं.

पाचोऱ्याकडच्या आमच्या गावात माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. आमच्यात त्या दिवशी मुलीच्या बापाने व्याह्याला कुंकवाचा टिळा लावायचा, टोपी घालायची, नारळ द्यायचा आणि मग दोघांनी गळाभेट घ्यायची. शंभर माणसं समोर बसलेली. आबांनी वाटीत अंगठा बुडवला आणि व्याह्याच्या कपाळाकडे नेला. अंगठा कपाळाला लागेना. लागला तेव्हा भुवईवर लागला, तिथून नाकावर घसरला. व्याह्याचा चेहरा पोळ्याच्या बैलासारखा रंगला. पाहुण्यांतून कोणीतरी म्हणालं, "सकायमांच लिधी वाटतं!" म्हणजे सकाळीच ढोसलेली दिसते. लोक हसले.

मी उठलो. आबांच्या हातातून वाटी काढून घेतली. घेतली कसली, हिसकावली. व्याह्याचं कपाळ उपरण्याने पुसून नीट टिळा लावला, टोपी घातली, नारळ दिला. गळाभेटही मीच घेतली. आबा बाजूला उभे होते, अंगठा लाल.

नंतर मी त्यांना मांडवामागे नेलं. टोपी सारखी करतो असं दाखवत जवळ गेलो आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

त्यांच्या ते लक्षात आलं. हलले नाहीत, उलट तोंड थोडं उघडलं. म्हणाले, "घे भाऊ, घे बरं. येस का काही वास?"

बडीशेपेचा वास होता. दुसऱ्या कशाचाही नव्हता.

म्हणजे मला त्या क्षणी कळलं होतं. आत जाऊन चार माणसांत एक वाक्य बोलायचं होतं: आबा पीत नाहीत, त्यांचा हात असाच आहे. पण आत गेलो तर मामांनी पाठीवर थाप मारली, "पोरगा शहाणा निघाला, घराची लाज राखली." ती थाप मला आवडली. पंचविशीत घराचा कर्ता झाल्यासारखं वाटलं. बाप शुद्धीत होता म्हटलं असतं, तर वाटी हिसकावणारा मी कोण ठरलो असतो? मी गप्प बसलो आणि मग गप्पच राहिलो. लग्न झालं. बहीण धुळ्याला नांदायला गेली. 'पिणाऱ्याची पोर' हे नाव तिच्या आधीच सासरी पोचलं होतं. कितीतरी वर्षं तिने ते ऐकून घेतलं आणि त्याचा सगळा राग आबांवर धरला. आबांना जाऊन बारा वर्षं झाली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण हात कापायला लागल्यापासून आबा माझ्या मनगटात येऊन राहिलेत हे मी कोणालाही सांगायला तयार आहे. कप उचलला की ते असतात. तलावाच्या काठावर कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचं पाणी, झाड, पाखरू सगळं त्यांच्या लयीत हलायला लागतं. ते रागावत नाहीत, बोलत नाहीत. मला त्यांची भीती वाटते, आणि आपल्याच बापाची भीती वाटते याची लाजही वाटते.

दुकानातून आल्यावर मी हट्टाला पेटलो. यंत्रणेची लेन्स घेणं म्हणजे डॉक्टरांना दिलेलं उत्तर मागे घेणं. ते मला नको होतं. धुळ्यात एक लग्नाचे फोटो काढणारे गृहस्थ जुनी, बिनयंत्रणेची लेन्स विकत होते. फोनवर बोलणं केलं आणि बस धरली. आधी बहिणीकडे जेवायचं, मग लेन्स.

बहीण धुळ्याला राहून आता शहरासारखं बोलते, पण मनातलं काही बोलायचं झालं की अहिराणीवर येते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. भाकरीपर्यंत निभावलं. मग तिने ताकाचा पेला भरून पुढे ठेवला. मी उचलला आणि ताक ताटात, मांडीवर, सतरंजीवर. ती फडकं आणायला उठली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात, घरातल्या कोणी ऐकू नये म्हणून अगदी जवळ येऊन विचारलं, "भाऊ, तूबी लेवाले लागना का रे?"

'तूबी' म्हणजे तूसुद्धा प्यायला लागलास का. आबांसारखा.

मला हसून टाळता आलं असतं. वय झालं म्हणता आलं असतं. आबांना पुन्हा एकदा बाजूला उभं करून मी माझा टिळा नीट लावून घेतला असता. पण पेला अजून हातातच होता आणि हात थांबत नव्हता.

"मी पीत नाही," मी म्हणालो. "आणि आबाही पीत नव्हते. हा आजार आहे, घराण्यातला." मग साखरपुडा, मांडवामागची जागा, बडीशेपेचा वास, मामांची थाप, सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

ती सतरंजीवरचं ताक बोटाने सारत बसली. मग म्हणाली, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ती कानबाईच्या सणासाठी माहेरी आली होती. मी तेव्हा नोकरीच्या गावी होतो. कानबाईचा नारळ, आमच्याकडे तीच देवी, चौरंगावर बसवला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. आबांनी त्या नारळावर हात ठेवला आणि तिला म्हणाले, "कानबाईनी आन शे बेटा, मी पेस नही."

"त्यांचा हात नारळावर नुसता वाजत होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, पिऊन देवीची खोटी आण घेता? आणि हात झटकला त्यांचा. नारळ खाली पडला." मग म्हणाली, "तुले माहीत व्हतं."

तो प्रश्न नव्हता. मी मान हलवली. तिने मला निघतानाही पाण्याचं विचारलं नाही. आमच्यात दारात आलेल्या परक्यालाही पाणी विचारतात.

त्या लेन्सवाल्या गृहस्थांकडे मी गेलो नाही. दोन दिवसांनी जळगावच्या दुकानात जाऊन सांगितलं, "माझा हात कापतो. माझ्या वडिलांचाही कापायचा. ती दुसरी द्या." दुकानदाराने लेन्स पुसून डबीत घातली. लेन्स उत्तम आहे. बगळ्याचं पीस न् पीस दिसतं. एवढीशी सोय दुकानात मिळते, आणि मी बापाला एक वाक्य देऊ शकलो नाही, हे बटण दाबताना दर वेळी मनात येतं.

आठ दिवसांनी बहिणीचा फोन आला. कसा आहेस वगैरे नाही. म्हणाली, "माझ्याकडे आबांचा एकही फोटो नाही. मी लावलाच नव्हता. एक पाठव. त्यात हात दिसले पाहिजेत."

मी ट्रंक उघडली. माझ्या लग्नाचा अल्बम, तिच्या लग्नाचा, पोरांची बारशी, घरभरणी, एकूण एक फोटो पाहिला. आबा बहुतेक सगळ्यांत आहेत. कुठे हात पाठीमागे, कुठे उपरण्याखाली, कुठे पुढे बसलेल्या माणसाच्या आड. त्या साखरपुड्याआधीचा फोटोच घरात नाही, आणि नंतर काढलेल्या एकाही फोटोत त्यांचे हात नाहीत.

तिला अजून काही पाठवलेलं नाही.