काजूच्या झाडाखाली मोत्या

कुकरची शिट्टी झाली आणि नातीने रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू थरथरत माझ्या पायांत शिरलं.

मला मोत्या आठवला. विशीत मी त्या कुत्र्याला विहिरीतून काढलं आणि सशाचं कातडं हुंगवून त्याला शिकारी कुत्रा बनवायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पालीला भिणारी तू, त्याला काय शिकवणार?"

पहिल्याच दिवशी रानात झुडपातून निघालं ते रानडुक्कर. शिकारीणबाई किंचाळत काजूच्या झाडावर! मोत्या खाली लटलट कापत उभा, तरी भुंकतोय. डुक्कर वळून गेलं, पण माझी बोटं फांदी सोडेनात. भीती दोघांनाही सारखीच होती. झाड मात्र माझ्या एकटीलाच होतं.

"आजी, याला शूर कर ना!" नात म्हणाली.

पिल्लाला पदराखाली ओढत मी म्हटलं, "नको गं बाई, मला आता झाडावर चढता येत नाही."