सोललेलं लिंबू, कोरी वात

ताईच्या इराचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत परत आलेली पुस्तकं फळीवर लावत होते. "मावशी, कॅन यू कम नाऊ?" एवढंच म्हणाली, आणि मला कळलं, सुधीर भाऊजी गेले. ताईकडे इथल्या केलीव्हिल उपनगरात पोचले तर गॅरेजचं शटर कमरेइतकं वर होतं. क्षणभर वाटलं, आत बसलेत... शटर तेवढंच उघडायची सवय त्यांची. ते खाली ओढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

गाडी बाहेर उन्हात आणि गॅरेजमध्ये चित्रकला, असा त्या घरचा कारभार भाऊजींच्या निवृत्तीनंतर सुरू झाला. त्याला थोडी मीच जबाबदार. लायब्ररीने विकायला काढलेलं जुन्या डच चित्रांचं एक जाड पुस्तक मी भाऊजींना आणून दिलं होतं. त्यात मेजावर मांडलेल्या साध्या वस्तू: कवटी, आडवा पडलेला पेला, घड्याळ, नुकतीच विझलेली मेणबत्ती, अर्धं सोललेलं लिंबू. मी वाचून अर्थ सांगत गेले. कवटी म्हणजे मरण, मेणबत्ती म्हणजे सरलेलं आयुष्य, लिंबू म्हणजे दिसायला देखणं आणि चवीला आंबट असं जगातलं सुख. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. "मास्तरीणबाई, ज्याला जग नकोसं झालंय तो लिंबाच्या सालीवरचे खळगे इतका जीव लावून काढेल का?" आज खात्रीने म्हणते, त्यांचंच बरोबर होतं.

मग त्यांनी स्वतःची मांडणी सुरू केली. प्रकाश डावीकडून आणि थोडाच हवा, म्हणून ते अर्धं शटर. मेज म्हणजे ताईचं जुनं इस्त्रीचं टेबल. शनिवारी सकाळी परसातलं लिंबू तोडून साल न तुटू देता गोल गोल सोलायचं, आणि ती साल टेबलाच्या कडेवरून लोंबती ठेवायची. जेवणाची वेळ झाली की ताई ते लिंबू उचलून वरणावर पिळून मोकळी.

"अहो, सोललेलं लिंबू असं उघडं ठेवतात का? सुकतं."

"अगं, सुकायलाच ठेवलंय! काळ दाखवायचाय."

"मग फ्रिजमधली कोथिंबीर काढा. ती तशीही फुकट जाते."

इरा आतून ओरडायची, "बाबा, आई एट युअर आर्ट अगेन!"

पुढच्या शनिवारी नवं लिंबू. त्यामुळे चित्रातलं ते एक लिंबू कितीतरी लिंबांचं मिळून झालेलं आहे, आणि ते एकदाही सुकलेलं नाही. शेवटी भाऊजींनीच मान्य केलं, "डच बायकांनीही पिळलंच असणार. तिकडे जहाजाने इतक्या लांबून आलेलं लिंबू कोण टाकतं?"

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि फार वेळ नाही हेही. भाऊजींनी ठरवलं, हे चित्र पुरं करायचं. लिंबू झालं होतं, किल्लीचं बंद घड्याळ झालं होतं, स्टीलचा पेला आडवा झाला होता. कवटी घेतली नाही; "आरशात दिसतेच हल्ली," म्हणाले. उरली मेणबत्तीची जागा. तिथे त्यांना आमच्या आईने ताईला लग्नात दिलेलं पितळी निरांजन हवं होतं, विझलेलं, वातीतून धुराची रेघ निघालेली. ताईने ते देवघरातून आणलं, पण हातातून सोडेना.

"विझलेलं काढायचं नाही."

"शैला, त्या चित्रांत मेणबत्ती विझलेलीच असते. तोच तर अर्थ."

"अर्थ त्यांच्या घरी. तुमची तब्येत ही अशी... तुमच्या हातून विझलेला दिवा नाही."

"मग पेटता काढू? ते खोटं होईल."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तक माझ्या हातात होतं, पण त्यात या दोघांसाठी काही नव्हतं. अखेर ताईने निरांजन टेबलावर ठेवलं आणि आत निघून गेली.

त्यानंतर चित्राचं तोंड कायम भिंतीकडे. शटर वर जायचं, खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा... ताई विचारत नसे, ते सांगत नसत.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी देवघरात पुन्हा दिवा लावायचा म्हणून ताई निरांजन आणायला गॅरेजमध्ये गेली, मागोमाग मी. ते टेबलावरच होतं. ताईने ते उचललं, घटकाभर घुटमळली, आणि दुसऱ्या हाताने चित्र फिरवलं.

चित्र पुरं झालं होतं. निरांजन विझलेलं नव्हतं, पेटलेलंही नव्हतं. काठोकाठ तूप, त्यात फुलवात. कोरी, पांढरी, टोकाला काजळीचा ठिपकाही नाही. ताई पाहत राहिली.

"लावायचंच राहिलंय नुसतं," ती म्हणाली.

त्या सगळ्या जाड पुस्तकात असा दिवा नाही. मी पुन्हा पानन् पान पाहिलं.

चित्र गॅरेजमध्येच आहे. शनिवारी ताई शटर कमरेइतकं वर करते आणि लिंबू सोलते. तिच्या हातून साल मध्येच तुटते. तो तुकडाही ती कडेवरून लोंबता ठेवते. संध्याकाळी देवघरात निरांजनात तूप घालते, फुलवात ठेवते, आणि काडी ओढण्याआधी जराशी थांबते. तेवढा वेळ ते भाऊजींचं चित्र असतं. मग ती दिवा लावते.