गोठ्यामागचं ताट

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि माझंही हे दुसरंच वर्ष. तरी लिहायचं धाडस करतोय, म्हणून आधी माफी मागतो. कुठं चुकलं तर मला सांगा. परस्पर दुरुस्त करू नका. एकदा केलंय कुणीतरी.

त्या दिवशी मी शहरातल्या एका सभागृहाच्या स्टेजवर उभा होतो. माईक ताईंच्या हातात, कागदही त्यांच्याच हातात. गोष्ट माझी. "याची बोली थोडी अशुद्ध आहे, म्हणून मीच वाचते," त्या म्हणाल्या. लोक समजूतदारपणे हसले. मी नुसतं शेजारी उभं राहायचं होतं. दिसायला.

कॉलेजसाठी मी शहरात मुकुंदवाडीत राहतो. या ताई दर रविवारी तिथं येऊन आम्हा पोरांना गोष्टी लिहायला शिकवायच्या. फुकट. ते त्या विसरू द्यायच्या नाहीत. "आमच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत," म्हणायच्या. जे पाहिलं ते लिहा, हेही त्यांनीच शिकवलं. मी तेच लिहिलं.

माझे वडील, अण्णा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात. पाचोडजवळच्या आमच्या गावात बँडवाल्यांना मांडवात जेवण नव्हतं. सगळ्यांचं उरकलं की गोठ्यामागं त्यांची ताटं. मी लहान असताना एका लग्नात अण्णांनी लग्नघरच्या मालकाला विचारलं, "आमचं ताट मांडवात का नाय?" मालक म्हणाला, "तू गप वाजव."

अण्णा गप वाजवत निघाले. नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघतो तेव्हा बँड सगळ्यात पुढं असतो. बँड वळेल तिकडं नाचणारे, तिकडंच घोडा. अण्णा वळले आमच्या वस्तीकडं. घोडा, करवल्या, पाहुणे, सगळी वरात आमच्या दारात. तिथं त्यांनी वाजवणं थांबवलं. "ताट कुठं पडणार ते बोला, मंग पुढं चालू." मुहूर्त टळत आला होता. आईनं पाणी पुढं केलं. काहींनी घेतलं, बऱ्याच जणांनी नाही. शेवटी मालकानं कबूल केलं. तेव्हापासून गावात बँडवाल्यांचं ताट मांडवातच पडत होतं.

एवढीच गोष्ट. वाचून ताईंनी विचारलं होतं, "पण यात वेदना कुठेय रे?" मी कागद परत मागितला. "राहू दे माझ्याकडे. जरा हात फिरवते."

हात कसा फिरला ते स्टेजवर कळलं. ताई वाचत होत्या. माझा बाप त्या दिवशी भरपूर प्यायला होता. नशेत त्याला रस्ता कळेना. वरात घेऊन तो भलतीकडेच गेला. घरी येऊन त्याने आईला मारलं. मी कोपऱ्यात रडत होतो.

पुढच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होत्या. अण्णा शेवटच्या रांगेत होते. अंगात लग्नाला घालायचा पांढरा शर्ट. पोराची गोष्ट ऐकायला पहाटेच्या बसनं आले होते.

प्रमुख पाहुण्यांनी माईक घेतला. "वडील आलेत का? उभे राहा. लाजू नका. आता सोडलीत ना?"

अण्णा उभे राहिले. हात जोडले. "साहेब, म्या कधी घेतलीच नाय."

सभागृह हसलं.

"सगळे असंच म्हणतात," पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या तरी अण्णांचे हात जोडलेलेच होते. खाली कधी घ्यायचे ते त्यांना कळेना. ते हात मला बघवेनात. मी पाहुण्यांच्या हातातला माईक ओढला.

"अण्णा, हात सोडा." आधी एवढंच निघालं. मग म्हणालो, "माझा बाप रस्ता चुकला नव्हता. त्यानं वरात वळवली होती. मुद्दाम."

पुढचंही बोललो. पण तोवर माईक बंद केला होता.

ताई स्टेजमागं आल्या. लाल झाल्या होत्या. "किती रविवार घालवले तुझ्यावर! लोक रडले तुझ्यासाठी. अजून काय पाहिजे?"

"ही गोष्ट छापू नका."

"तू लिहिलेलं कुणी अर्धं पानसुद्धा वाचलं नसतं," त्या म्हणाल्या.

अण्णांना स्टँडवर सोडायला गेलो. बसमध्ये चढताना ते एवढंच बोलले, "तुझ्या मायला यातलं काय सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण आम्हा पोरांच्या गोष्टींचं पुस्तक निघालं, त्यात ताईंनी वाचलेली तीच गोष्ट. ताईंच्या लोकांनी गावोगावच्या शाळांना भेट दिलं. आमच्या गावच्याही.

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. त्याच मालकाच्या धाकट्या पोराचं लग्न होतं. "दादा, ताटं परत गोठ्यामागं मांडली. अण्णा म्हणले, मांडवात द्यायचं ठरलंय की. तर नवरदेव म्हणला, कशाचं ठरलंय? तू तर पिऊन रस्ता चुकला व्हता. पुस्तकात छापून आलंय."

"मग?"

"मंग काय. अण्णा उपाशी आले."

ताई, तुम्हाला वेदना पाहिजे होती. ही घ्या. ही तुम्ही केलेली आहे.

वर लिहिलेल्यावर कुणाचाही हात फिरलेला नाही. हे मी गावच्या शाळेत जाऊन ते पुस्तक वाचणाऱ्या पोरांसमोर वाचणार आहे, माझ्या अशुद्ध बोलीत. आणि गावातल्या पुढच्या लग्नात बँडच्याही पुढं मी चालणार आहे. ताट मांडवात पडल्याशिवाय वरात आमच्या दारातून हलणार नाही.